शिल्लककाकांचं साम्राज्य

सोमवारची सकाळ, पावणेअकराची वेळ. नवरा डबा घेऊन कामावर गेलेला, वॉशिंग मशीन शेवटच्या फेऱ्यात थरथरत होतं, भाजी निवडून झाली होती आणि माझे चाळीस घोडेस्वार शत्रूच्या वेशीबाहेर दबा धरून उभे होते. आता फक्त हल्ल्याचा हुकूम द्यायचा बाकी होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

बेल असताना दार वाजवणारा माणूस आमच्या मजल्यावर एकच. बेल उगाच वापरली की झिजते, असं त्यांचं मत आहे, आणि ते दुसऱ्याच्या बेललाही लागू आहे. मी घाईघाईने स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि दार उघडलं. समोर शिल्लककाका. भिंतीला भिंत लागून असलेले आमचे शेजारी. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत वही.

"ताई, कामात आहात का?"

"छे हो, कपडे वाळत घालत होते."

माझ्या हातात माउस होता. वायरसकट.

काकांनी माउसकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे रोज सकाळी हत्ती ओरडतो."

"टीव्ही असेल."

"टीव्हीवर तोच हत्ती रोज त्याच सुमारास ओरडत नाही. गेल्या बुधवारी नऊ वेळा ओरडला. मी मोजलं." मग त्यांनी वही या काखेतून त्या काखेत घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मला शिकवाल का?"

इथे मला एक कबुलीजबाब द्यायला हवा. लेक शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला. एकदा धूळ पुसताना तो चुकून चालू झाला आणि पडद्यावर एक छोटंसं गाव आलं: तीन झोपड्या, चार माणसं, एक शेळी. माणसं नुसती उभी होती. रिकामी उभी राहिलेली माणसं मला घरातही बघवत नाहीत. मी एकाला लाकडं तोडायला लावलं, दुसरीला शेतावर पाठवलं. त्याला आता दीड वर्ष झालं. साडेदहा ते बारा या वेळात मी सम्राज्ञी असते. बारा वाजता साम्राज्य बंद करून कणीक मळते. घरात कुणालाही याचा पत्ता नव्हता. भिंतीपलीकडे मात्र हत्ती मोजले जात होते.

आता काकांविषयी. एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. बेअरिंगं, पट्टे, नटबोल्ट, हातमोजे, दिव्याचे बल्ब, जे काही लागेल ते काकांच्या खिडकीतून मिळायचं. किंवा मिळायचं नाही. चिठ्ठीवर साहेबांची सही, कशासाठी हवंय त्याचं कारण आणि जुना नग परत, या तीन गोष्टींशिवाय खिडकीतून सुईसुद्धा बाहेर पडत नसे. वर त्यांचा स्वतःचा एक कायदा होता: कुठल्याही वस्तूचा शेवटचा नग द्यायचा नाही. कपाटात दोन असतील तर एक मिळेल. एक असेल तर संपला म्हणायचं. "शिल्लक पाहिजे," हे त्यांचं वाक्य. कामगारांनी त्यांचं नाव शिल्लकसाहेब ठेवलं, ते निवृत्तीनंतर आमच्या इमारतीत शिल्लककाका झालं. आणि एकदा खरोखरच मोठ्या यंत्राचा पट्टा तुटला, बाजारात कुठेही मिळेना, आणि काकांनी कपाटातून तो 'संपलेला' शेवटचा पट्टा काढून दिला. त्या दिवशी मालकांनी त्यांच्याशी हात मिळवला. माझ्या मते तो हात मिळवणं त्यांना पुढे फार महागात पडलं, कारण त्यानंतर त्यांच्यापुढे कुणाचीच मात्रा चालली नाही.

"पण तुम्हाला हे कशाला शिकायचंय?" मी विचारलं.

काका खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांची लेक, जावई आणि बारा वर्षांची नात वर्षापूर्वी फार लांब राहायला गेली, हे मला माहीत होतं. नात हाच खेळ खेळते, हे मात्र नवीन होतं. तिने आजोबांसाठी लॅपटॉप पाठवायला लावला होता. दर रविवारी अकरा वाजता दोघं एका बाजूने खेळायची, समोर कॉम्प्युटरचं राज्य. फोन बाजूला चालू ठेवून बोलत बोलत.

"काल काय झालं सांगतो. तिच्या गावावर हल्ला आला. ती म्हणाली, आजोबा, तीनशे धान्य पाठवा, लवकर. मी विचारलं, कशासाठी?"

"हल्ला आला होता ना पण?"

"हो, पण विचारायला नको? ती म्हणाली, सैनिक बनवायला. मी विचारलं, किती सैनिक? ती म्हणाली, आजोबा, द्या ना! मी म्हटलं, आधी तुझ्याकडे शिल्लक किती ते सांग." काकांनी वहीची कड सरळ केली. "तोवर तिचं गाव जळलं."

"तुमच्याकडे किती होतं?"

"चार हजार एकशे."

मी हसू दाबायला मशीनकडे पाहिलं.

"मग ती रडली नाही, चिडली नाही," काका म्हणाले. "शांतपणे म्हणाली, आजोबा, पुढच्या रविवारी अजून एकदा बघू. जमलं नाही तर मी मैत्रिणीबरोबर खेळत जाईन. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी वही मांडीवर ठेवली. "चिडली असती तर बरं वाटलं असतं."

हातात सहा दिवस होते. मी स्क्रीनवरचा टॉवेल काढला.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. 'साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे लिहा' हा प्रश्न मी तीन वेळा सोडवला आहे आणि तिन्ही वेळा मला दहापैकी आठ मिळाले आहेत. त्यामुळे काकांसमोर मी जरा खुर्ची मागे सरकवूनच बसले. "हे बघा काका, साम्राज्य म्हणजे शेवटी नियोजन." हे वाक्य मी माझ्या उत्तरपत्रिकेतूनच उचललं होतं. मग त्यांना माझं गाव दाखवलं. घरं एका रांगेत, शेतं चौकोनी, विहिरीभोवती झाडं. काका खूश झाले. "नीटनेटकं आहे," म्हणाले. स्टोअरकीपरकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

"आणि ही तटबंदी. चारी बाजूंनी दगडाची. शत्रूची काय बिशाद!"

काका चष्मा वर करून बघत राहिले. "ताई, दरवाजा कुठे आहे?"

दरवाजा नव्हता. मी आठवडाभर खपून तट बांधला होता आणि त्यात दरवाजा ठेवायला विसरले होते. माझे लाकूडतोडे बाहेर अडकले होते. एक तर बिचारा तटाला पाठ लावून उभा होता. आणि सकाळचे ते चाळीस घोडेस्वार वेशीवर पोचले होते, ते केवळ तट पुरा व्हायच्या आधीच बाहेर पडल्यामुळे.

"ती एक चाल आहे," मी म्हटलं.

काकांनी ती वहीत लिहून घेतली.

मंगळवारी त्यांना त्यांच्याच लॅपटॉपवर खेळायला बसवलं. जमवाजमवीत माणूस वाघ होता. एकही गावकरी रिकामा नाही, झाड तोडलं की पुढचं झाड ठरलेलं. कुठल्या शेतात किती पीक उरलंय, हे त्यांना स्क्रीनकडे न बघता सांगता यायचं. तासाभरात सहा हजार धान्य, पाच हजार लाकूड, दगडाचे ढीग. माझ्या कारकिर्दीत असं ऐश्वर्य मी पाहिलं नव्हतं.

"काका, सैन्य किती आहे?"

"दोन."

"दोनशे?"

"दोन. एक जागा असतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो."

"अहो, सहा हजार धान्य पडलंय! सैनिक बनवा!"

"मागणी आली की बनवू."

मागणी घेऊन शत्रूच आला. सत्तर भालेवाले. दोघांपैकी जो जागा होता तो आधी पडला. कोठारांना आग लागली आणि सहा हजार धान्य कणाकणाने शत्रूच्या खात्यात जाताना आम्ही पाहिलं. काकांचा चेहरा असा झाला, जणू कुणी सहीशिवाय अख्खं स्टोअर उचलून नेलं.

"अहो, न वापरलेलं धान्य म्हणजे न बनलेले सैनिक," मी समजावलं. हे मात्र उत्तरपत्रिकेतलं नव्हतं, समोरची आग बघून सुचलं होतं. "पडून राहिलेल्या गोष्टीचा या खेळात उपयोग शून्य. येतं तसं खर्च करायचं. कोठार रिकामं दिसलं तर समजायचं, राजा हुशार आहे."

"कोठार रिकामं?" काकांनी असं विचारलं, जणू मी त्यांना अनवाणी उन्हात उभं राहायला सांगत होते.

बुधवारी ते म्हणाले, "तुम्ही एकदा खेळून दाखवा. रविवारी आमचा असतो तो मधला स्तर लावा."

इथे दुसरा कबुलीजबाब. दीड वर्ष मी 'सर्वात सोपा' या स्तरावर खेळत होते. त्या स्तरावर शत्रू वर्षाकाठी एक घोडा पाठवतो आणि तोही वाट चुकतो. माझी सगळी दिग्विजयी कारकीर्द या एका घोड्यावर उभी होती. पण शिष्यासमोर हे कोण सांगणार? मी मधला स्तर लावला. एकोणीस मिनिटांत माझं साम्राज्य आटोपलं. राजधानी पडली तेव्हा मी विहिरीभोवती झाडं लावत होते.

काकांनी वही उघडली. "ऱ्हासाची कारणे," त्यांनी मोठ्याने म्हणत लिहिलं, आणि माझ्याकडे बघितलं. "एक?"

मला सातच सुचली. परीक्षेत मी दहा लिहायचे.

गुरुवारी आम्ही दोघंही विद्यार्थी झालो. खेळाच्या मदत-पानावरचं सगळं मोठ्याने वाचून काढलं. सुरुवातीलाच एक घोडेस्वार टेहळणीला पाठवायचा. गावकरी बनवणं कधी थांबवायचं नाही. शत्रू भालेवाले आणतोय दिसलं की आपण तिरंदाज बनवायचे. आणि मित्रराज्याला मदत पाठवायचं एक बटण असतं, त्यावर एकदा दाबलं की शंभर जातात. काका ते बटण बघायचे, त्यावर बाण नेऊन ठेवायचे आणि परत आणायचे. सरावासाठी मी लेकीच्या नावाने दुसरं राज्य उघडून दिलं, त्याला पाठवा म्हटलं. त्यांनी शंभर पाठवले. मग विचारलं, "हे परत कसे मागवायचे?"

शुक्रवारी काकू आल्या. काकूंचं आणि काकांचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, आणि त्या बोलतात ते सगळं काकांच्या समोर, पण मला उद्देशून.

"राज्य बुडवून झालं का आजचं?"

"बुडलं," काका म्हणाले.

"घरीही हेच. चांगल्या चादरी कपाटात आणि आम्ही झोपतो विरलेल्यांवर. पाहुण्यांसाठी म्हणे. पाहुणे येतात ते संध्याकाळी परत जातात." त्या माझ्याजवळ बसल्या. "अगं, ते लोक तिकडे गेले त्यानंतर फोन यायचा ना, चार मिनिटं. जेवलात का, जेवलो. शाळा कशी आहे, बरी आहे. फोन बंद झाला तरी हे कानाला धरून बसायचे. या खेळापासून पोरगी दीड-दीड तास बोलते. मध्ये मध्ये घोडे-हत्ती असतात, पण बोलते." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "तिने तीनशे मागितले तर देऊन टाकायचे! तुमच्या खिडकीवर ती रुमाल मागायला आली असती तरी तुम्ही साहेबांची सही मागितली असती."

मला वाटलं, काका उठून जातील. त्यांनी वही मिटली.

"मी निवृत्त झालो तेव्हा स्टोअर मोजून ताब्यात दिलं," ते म्हणाले. "नव्या माणसाला तीन दिवस लागले. एक नग कमी भरला नाही. मला वाटलं, शाबास म्हणेल. तो एका कपाटापुढे मला घेऊन गेला. म्हणाला, साहेब, हे चारशे ऐंशी पट्टे कुठल्या यंत्राचे? मी यंत्राचा नंबर सांगितला. तो म्हणाला, ती यंत्रं अकरा वर्षांपूर्वी भंगारात गेली." काकांनी पेन खिशात अडकवलं. "ती यंत्रं चालू होती ना, तेव्हा कामगार पट्टे मागायला यायचे. मी त्यांना जुने शिवून वापरायला सांगायचो."

काकूंनाही ही गोष्ट माहीत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी उठून माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. साखर जरा सढळ हातानेच घातली होती.

रविवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना मी काकांच्या घरी हजर. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण शिष्याची परीक्षा आणि गुरू घरी, हे मला पटेना. मी खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या हाताला बसले, चष्मा पुसला, पाण्याची बाटली जवळ घेतली.

"आजोबा, तयार?" फोनमधून आवाज आला.

"तयार. सहा गावकरी लाकडाला, चार शेतावर, एक घोडेस्वार टेहळणीला."

पलीकडे नात चकित झाली. "अरे वा!"

मी काकांच्या कोपराला ढोसलं. "बघितलंत?"

"आजोबा, कोण आहे तिकडे?"

"शेजारच्या ताई आहेत."

"हॅलो!" मी म्हटलं. "मीच शिकवलंय हं त्यांना!"

"ओके," नात म्हणाली. बारा वर्षांच्या मुलीच्या 'ओके'चे अर्थ मला चांगले कळतात, घरात एक वाढवली आहे. तरी मी तिकडे दुर्लक्ष केलं.

पहिला अर्धा तास छान गेला. काकांनी मिळेल तसं खर्च केलं. दर सैनिकामागे त्यांच्या घशातून एक बारीक आवाज यायचा, पण सैनिक बनत होते. मग शत्रूची धूळ दिसली आणि माझं रक्त तापलं. "डावीकडे!" मी ओरडले. "काका, घोडे डावीकडे पाठवा!" काका गुरुआज्ञा मानणारे. सगळे घोडे डावीकडे गेले. शत्रू उजवीकडून आला.

"आजोबा, घोडे तिकडे का गेले?"

"ताई म्हणाल्या."

काकूंनी मागून माझा पदर ओढला. मी पदर सोडवून घेतला. लढाईच्या ऐन मध्यावर सेनापतीने उठायचं असतं का?

मग तो क्षण आला. "आजोबा," नातीचा आवाज बदलला होता, "माझ्या वेशीवर आलेत. तीनशे धान्य."

काकांनी तोंड उघडलं. 'क' त्यांच्या ओठांवर आलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्यांनी तोंड मिटलं आणि बटण दाबायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यावर थांबले नाहीत. टक, टक, टक, टक. कोठारात आकडा शून्य होईपर्यंत.

"आजोबा! दोन हजार सहाशे?"

"लाकूड हवंय का?"

"हवंय!"

लाकूडही गेलं. तोवर शत्रूचा दुसरा गट काकांच्या गावात शिरला. घरं पेटली. काकांकडे आता फक्त दगड उरला होता, चारशे. तेवढ्या दगडात एक बुरूज उभा राहिला असता आणि गाव वाचलं असतं. नात म्हणाली, "आजोबा, दगड आहे का थोडा? किल्ला पुरा झाला तर मी जिंकवते आपल्याला."

"काका, थांबा!" मी जवळजवळ उभीच राहिले. "आधी बुरूज! सगळं देऊन बसलात तर तुमच्याकडे काय राहील? थोडं शिल्लक ठेवा!"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोनसुद्धा बघतोय असं मला वाटलं. आठवडाभर कोठार रिकामं करायला शिकवणारी बाई मीच होते.

काकांनी चारशेच्या चारशे पाठवले. त्यांचं गाव चार मिनिटांत संपलं. उरला एक गावकरी. त्याला त्यांनी जंगलाच्या टोकाला नेऊन एका झाडामागे उभं केलं. तिकडे नातीचा किल्ला पुरा झाला, त्यातून दगडफेकी यंत्रं निघाली, आणि अर्ध्या तासाने पडद्यावर विजयाचे झेंडे आले.

"आजोबा, आपण जिंकलो! तुमचं राज्य तर गेलं पण!"

"एक माणूस आहे अजून. झाडामागे."

ती अशी खदखदून हसली की काकूही हसल्या. आणि मग तिने फोन ठेवला नाही. दाताला तार लावायची आहे म्हणाली. ती मैत्रीण आहे ना, तिने वर्गात जागा बदलून घेतली म्हणाली, तीन दिवस झाले, का ते सांगतही नाही. काका "हं" म्हणत होते, एकदाही कशासाठी विचारत नव्हते. आणि मी? मी कागदावर बाण काढून काकांना दाखवत होते, की घोडे डावीकडे पाठवण्यामागे माझा मूळ हेतू काय होता. शेवटी काकूंनीच मला चहाच्या निमित्ताने आत नेलं.

निघताना काका दारापर्यंत आले. फोन अजून त्यांच्या हातात होता, नातीला त्यांनी "एक मिनिट हं" म्हटलं होतं.

"ताई, तुमच्यामुळे झालं हे," ते म्हणाले. "मनापासून सांगतो."

"अहो, मी कसलं!" मी म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात आरमार शिकवावं की वेढा, याचा विचारही सुरू केला.

"एक विनंती आहे."

"सांगा की, काका. हक्काने सांगा."

"पुढच्या रविवारी तुम्ही येऊ नका. मला तिच्याशी एकट्याने खेळायचंय."